कागदावरचं शिवणकाम

“वहिनी, तुमचं शिवणकाम अजून चालू आहे ना?” एवढंच मी फोनवर विचारलं होतं. प्राप्तिकराच्या रिटर्नची मुदत तोंडावर आलेली, बाहेर पावसानं झोड उठवलेली, ऑफिसात ओल्या छत्र्यांचा आणि तापलेल्या प्रिंटरचा वास कोंडलेला. फाईल आमच्याकडे नव्यानंच आली होती. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका बाजारगावातलं हार्डवेअरचं दुकान. नवऱ्याचं एक रिटर्न, बायकोचं एक. आधी ज्यांच्याकडे काम होतं त्यांनी भरलेली तिची जुनी रिटर्नं मी उघडून बसले होते. दर वर्षी धंदा एकच, शिवणकाम. उत्पन्न दर वर्षी थोडं थोडं चढत गेलेलं, पण कर लागेल त्या रेषेच्या अलीकडंच थबकलेलं. पलीकडं क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग मागं कुणीतरी पाइपाचं माप विचारत होतं, त्याला तिनं “पाऊण इंची संपलाय, उद्या या” म्हणून सांगितलं आणि मला म्हणाली, “कुठलं शिवणकाम ओ ताई? मला साधा फॉलसुद्धा लावता येत नाही.”

त्या दिवशी मी ते रिटर्न भरलं नाही. नवऱ्याला येऊन भेटा म्हणाले आणि पुढच्या फाईलकडे वळले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. या बाईचं रिटर्न कित्येक वर्षं भरलं जातंय. दर वर्षी तिच्या फोनवर ओटीपी येतो, नवरा “आकडे सांग” म्हणतो, ती सांगते, आणि कुठंतरी एका पडद्यावर हिरवी खूण उमटते. त्या सहा आकड्यांपलीकडं त्या कागदाशी तिचा काही संबंध आलेला नाही. सरकारदरबारी ती शिवणकाम करणारी बाई आहे. आणि जे काम ती सकाळी साडेनवाला शटर वर गेल्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत करते, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

पुढं एकदा त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम दुकानात डोकावले. टर्पेंटाइनचा उग्र वास, सुतळीची बंडलं, खिळ्यांच्या पेट्यांवर साचलेली लालसर धूळ. काउंटरला ती एकटीच होती. एक प्लंबर आला, त्याला काय हवंय ते त्यानं हातवारे करून सांगितलं आणि तिनं न विचारता सीपीव्हीसीचा एल्बो, सोल्युशनची लहान डबी आणि टेफलॉन टेप समोर ठेवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ओल आलेल्या भिंतीवर आधी काय मारायचं, किती दिवस थांबायचं आणि पुट्टी केव्हा लावायची हे तिनं इतकं नीट सांगितलं की कंपनीचा माणूसही सांगणार नाही. उधारीची वही तिच्या अक्षरात होती. कुणाकडून किती दिवसांत पैसे येतात आणि कुणाला आता माल द्यायचा नाही, हे तिला पाठ होतं. नवरा तेव्हा कोल्हापूरला माल आणायला गेला होता.

हे शिवणकाम कसं येतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दुकानाची जी रोख विक्री बिलात येत नाही ती बायकोच्या खात्यात भरायची, आणि तिला काहीतरी धंदा दाखवायचा म्हणून शिवणकाम, ट्यूशन, पार्लर, पापड-लोणची यातलं एक काहीतरी लिहायचं. कर बसत नाही, दर वर्षी तिच्या नावाखाली थोडं भांडवल जमतं, आणि चार-सहा वर्षांनी प्लॉट घेताना “पैसे कुठून आले” याचं उत्तर तयार असतं. याला लोक टॅक्स प्लॅनिंग म्हणतात. मला या शब्दाचा असा वापर मनापासून खटकतो, कारण नियोजन म्हणजे वर्ष हातात असताना विचार करून घेतलेला निर्णय. हे तर उत्पन्न लपवणं आहे. चुकून कमी उत्पन्न दाखवलं तर करावर ५० टक्के दंड असतो. खोटी माहिती दिली तर २०० टक्के. आणि आता वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे लोक ज्याला एआयएस म्हणतात त्यात, बँकेचं व्याज, शेअर, जमिनीचा व्यवहार, मोठे रोख भरणे सगळं आधीच येऊन बसलेलं असतं. रिटर्नला हात लावण्याआधी ते उघडून वाचायला मी प्रत्येकाला सांगते. बायकोचंही उघडा, आणि तिच्यासमोर उघडा.

आमच्या घरचं दुकान किराणा मालाचं होतं. आई दुपारभर मागच्या खोलीत बसून शाबू, रवा, गूळ यांच्या पुड्या बांधायची. संध्याकाळी तिच्या बोटांना गुळाचा चिकट वास असायचा आणि केसांत रव्याची भुकटी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही यायची. बाबा तिच्यावर ‘श्री’ काढायचे, आई हळदकुंकू वाहायची, आम्ही लाह्या-बत्तासे खायला टपलेलो. त्या वहीत हमालाची मजुरी लिहिलेली असायची, नोकराचा पगार असायचा, मांजरीच्या दुधाचासुद्धा खर्च असायचा. आईचं काही नसायचं. बाबा वाईट नव्हते. तिला विचारल्याशिवाय त्यांनी कधी माल भरला नाही. कपाटात तिच्या नावाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं होती, ती मुदत संपली की नवी घेतली जायची. बाबा गेल्यावर आम्ही तो गठ्ठा काढला तेव्हा आईनं पहिल्यांदा ती प्रमाणपत्रं हातात घेऊन वाचली. “एवढे होते होय माझे,” ती म्हणाली. तिला आनंद झाला होता की राग आला होता, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

कायद्याला हे सगळं फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नवरा-बायकोंच्या नावापुरत्या भागीदाऱ्या काढून कर कमी करतात, असं १९३६ च्या प्राप्तिकर चौकशी अहवालात आलं आणि १९३७ मध्ये बायकोच्या नावावर वळवलेलं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवण्याचा नियम झाला. तो १९६१ च्या कायद्यात आला. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, नियमाचा गाभा तोच राहिला. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर कर नाही. पण त्या पैशाची एफडी केली तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचं. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तर त्यावरचं उत्पन्न सासू-सासऱ्यांच्या उत्पन्नात. तिच्या आईवडिलांनी तिला दिलं तर मात्र ते तिचं आणि त्याचं व्याजही तिचंच.

इथपर्यंत मला नियम पटतो. पुढचा तुकडा गळ्याखाली उतरत नाही. नवऱ्याच्या धंद्यात बायको काम करते आणि त्यानं तिला पगार दिला, तर तोही त्याच्याच उत्पन्नात मिळवायचा. अपवाद एकच, तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानापोटी असेल तर. म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात डॉक्टर बायकोचा पगार तिचा. आणि ओल्या भिंतीला काय मारायचं हे सांगणाऱ्या बाईचा? काही निकालांत न्यायालयांनी म्हटलंय की पात्रता म्हणजे पदवीच हवी असं नाही, अनुभवानं आलेलं कसबही धरता येईल. पण ते सिद्ध करायचं ओझं करदात्यावर, आणि त्या वादात पडायला छोटा दुकानदार तयार नसतो. शिवाय बरेच दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असतात. उलाढाल २ कोटींपर्यंत, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत; रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून, यूपीआयवरून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरायचा, की हिशेबाची पुस्तकं ठेवायची कटकट संपली. योजना चांगली आहे, मी स्वतः अनेकांना तीच सुचवते. पण त्यात पगाराची वेगळी वजावट नाही. त्यामुळं तिथं बायकोला पगार दाखवून कर वाचवायचा प्रश्नच उरत नाही, आणि तिचं काम पुन्हा कागदाबाहेर राहतं.

उत्पन्न बायकोच्या नावावर दाखवायच्या ओढीला आता आणखी जोर आलाय. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत, म्हणजे जिथं दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत तिथं, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. एका माणसाचं धंद्याचं उत्पन्न २४ लाख असेल तर उपकरासकट ३ लाख १२ हजार कर होतो. तेच उत्पन्न दोघांचं बारा-बारा लाख असेल तर शून्य. हा फरक कळल्यापासून माझ्या समोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक धंदेवाला एकच प्रश्न विचारतो, “मग अर्धं हिच्याकडं दाखवू का?” मी विचारते, अर्धं हिचं आहे का? तर हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो, आणि माणसं कष्टाळू आहेत, मुलांच्या फीपायी रात्री झोपत नाहीत, हेही दिसत असतं.

शेतकरी संघटनेनं एके काळी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी शेतकऱ्यांना साद घातली की घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. गावोगावच्या माणसांनी केला. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळं त्यांना त्यातून कराचा एक पैसाही वाचणार नव्हता. मला त्या माणसांचं आजही फार कौतुक वाटतं. आमच्या ऑफिसात येणाऱ्या नावं बदलायच्या प्रकरणांत मी नकळत तीच गोष्ट शोधत असते: दिलंय, की ठेवलंय?

कर वाचवायचे सरळ रस्ते बघितले तर त्यातल्या बऱ्याच जागी कायदा हेच विचारतो. म्हाताऱ्या आईवडिलांना पैसे द्या, ते मुलाच्या उत्पन्नात मिळवले जात नाहीत. त्यांच्या एफडीचं व्याज त्यांचं, जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांची वजावटही आहे. पण ते पैसे मग त्यांचे झाले. त्यांनी ते लेकीला द्यायचे ठरवले तर तुम्ही भांडायला जायचं नाही. मोठ्या झालेल्या मुलाला, मुलीला दिलेलं तसंच. बायकोच्या पीपीएफ खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरा, व्याज करमुक्तच असल्यामुळं मिळवायला काही उरत नाही आणि पंधरा वर्षांनी तिच्या हातात मोठी रक्कम येते. तिला दिलेल्या पैशाच्या व्याजावर कर तुम्ही भरा, पण ते व्याज तिच्या खात्यात राहू द्या. त्या व्याजातून पुढं जे उत्पन्न होईल ते तिचं धरलं जातं. राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला, मुलांना बक्षीसपत्रानं दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. केवळ बाईच्या नावानं घर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. आधी अट होती की पंधरा वर्षं तिनं ते पुरुषाला विकायचं नाही; २०२३ मध्ये ती काढली. अट गेली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. विकता येत नाही ते घर आपलं कसं म्हणायचं?

कर वाचेल म्हणून मार्चमध्ये घेतल्या जाणाऱ्या विम्याबद्दल दोन वाक्यं. विम्याच्या हप्त्यावरची वजावट, जिला लोक ८० सी म्हणतात, ती नव्या प्रणालीत नाही, तरी माणसं अजून घाईघाईनं पॉलिसी घेऊन येतात आणि पावती माझ्यापुढं ठेवतात. जुनी प्रणाली की नवी हे एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडचे आकडे मांडून ठरवा, आणि धंदेवाल्यांनी तर जपूनच, कारण धंद्याचं उत्पन्न असताना एकदा जुनीत गेलात तर नवीत परत यायची संधी एकदाच मिळते.

हार्डवेअरवाले दादा आले. सोबत वहिनी आल्या, कारण त्या आल्याशिवाय फाईल उघडणार नाही असं मी बजावलं होतं. चहा सांगितला. मी रिटर्नं फिरवून त्यांच्यापुढं ठेवली. वहिनींनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि एकेक आकडा बोटानं वाचला. “एवढं मी शिवलं?” त्या म्हणाल्या. दादा खाली बघत होते. “सगळेच करतात ओ ताई,” ते म्हणाले. करतात, मलाही माहीत आहे. मी त्यांना ओरडले नाही. मी वहिनींना विचारलं की तुम्हाला दुकानातलं सगळ्यात काय आवडतं? त्या एका दमात म्हणाल्या, “रंग. पण ह्यांच्या डोक्यात पाइपच.”

त्या दुपारी जे ठरलं ते मला आवडलं. शेजारचा गाळा रिकामा होता. तिथं रंगाचं दुकान, वहिनींच्या मालकीचं. भाडेकरार त्यांच्या नावानं, चालू खातं त्यांचं, काउंटरवरचा क्यूआर त्यांच्या खात्याचा, माल कंपनीकडून त्यांच्या बिलावर. भांडवल नवऱ्यानं दिलं तर त्या प्रमाणात नफा पुन्हा त्याच्या उत्पन्नात जाणार, म्हणून बँकेचं कर्ज त्यांनी स्वतः घ्यायचं; शिवाय माहेरहून आलेले काही पैसे होते, ते घालायचे. एकाच गल्ल्यातून दोन बिलबुकं फाडली तर ते परत सोंगच होईल, हे मी दोनदा सांगितलं. दोन दुकानांत मालाची देवघेव झाली तर बाजारभावानं, बिल करून आणि बँकेतून. नफ्यावर कर लागलाच तर अंदाजित योजनेत ॲडव्हान्स टॅक्सचा एकच हप्ता, १५ मार्चपर्यंत. इतरांसारखे जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते नाहीत. वहिनी हे सगळं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहून घेत होत्या. दादांनी मनातल्या मनात हिशेब केला, किती कर वाचेल तो, आणि त्यांचा चेहरा जरा खुलला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

“पण ताई, मग ते पैसे हिचे होणार.”

“हो दादा.”

“म्हणजे हिनं द्यायचे म्हटलं तरच मला मिळणार.”

“हो.”

वहिनी हसल्या. दादाही हसले, पण उशिरा. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं त्याबद्दल मी खूप विचार केलाय. वाईट माणूस नाही हा. बायकोच्या हाती गल्ला सोपवून गावाला जाणारा माणूस आहे. पण बायकोवर विश्वास ठेवणं वेगळं आणि तिचं तिला देणं वेगळं, हे त्यांना त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा टोचलं असावं. कराच्या निमित्तानं का होईना टोचलं, याचं मला समाधान आहे. कराचं निमित्त लागलं, याचं वाईटही वाटतं. रंगाचं दुकान सुरू झालंय. रंग मिसळायचं टिंटिंगचं यंत्र वहिनीच चालवतात, आणि शेडकार्ड बघून गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला भिंतीवर ऊन कुठून येतं ते आधी विचारतात.

उरलाय तो मागच्या वर्षांचा प्रश्न. शिवणकामाचं म्हणून दाखवलेलं उत्पन्न खरं तर दुकानाचं, म्हणजे दादांचं. ते सुधारायचं तर दादांनी अद्ययावत रिटर्न भरायला हवीत. ती सोय २०२२ मध्ये आली आणि २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांची झाली. कर आणि व्याजाच्या वर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. नोटिशीची वाट बघण्यापेक्षा हे फार स्वस्त आहे, आणि जितका उशीर तितकं महाग. मी वर्षवार आकडे काढून कागद दिलाय. दादा म्हणतात, बघू, सीझन जाऊ दे. परवा वहिनींचा फोन आला होता. त्यांना त्या कागदातली बेरीज नीट समजून घ्यायची होती, आणि त्यातलं किती त्यांच्या दुकानातून देता येईल तेही. मी म्हणाले, तुम्ही देऊ नका, ते त्यांचं देणं आहे. त्या म्हणाल्या, “तसं न्हाई ताई. उसने देईन. चिठ्ठी करून.”